ज्ञानेश्वरीची चूक आणि एकशे सदतीस शेतं

ज्ञानेश्वरी शेलार सकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात काय करते, हे कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत तिच्या वडिलांखेरीज कोणालाही सांगता येत नाही. आणि वडील जे सांगतात त्याने ऐकणाऱ्याच्या डोक्यात होता नव्हता तेवढाही उजेड मावळतो. "पोरगी मुकादम हाय माझी," असं ज्योतिबा शेलार कट्ट्यावरच्या मंडळींना छाती काढून सांगतात. "टोळी तेवढी दिसत न्हाय." मंडळी मान डोलावतात. ज्योतिबांनी छत्तीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात पोती वाहिली आहेत, तेव्हा त्यांच्या बोलण्याला कोणी उगाच फाटे फोडत नाही.

दिवसा ती तुर्भ्यातल्याच एका शीतगृहात कामाला असते. तिथल्या दाराबाहेर 'संगणक विभाग' अशी पाटी आहे आणि विभाग म्हणजे ती एकटी. पगार तिथला, जीव मात्र सकाळच्या त्या दोन तासांत. जगभरातली काही हजार माणसं मिळून संगणकाची एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतात आणि ज्याला हवी त्याला फुकट देतात. आतली सगळी रचनाही उघडी ठेवतात. कोणीही यावं, बघावं, सुधारावं. पण कोणीतरी कुठेतरी लिहिलेला प्रोग्रॅम तसाच्या तसा लोकांच्या संगणकावर बसत नाही. तो नीट बांधावा लागतो, त्याला लागणारे सुटे भाग सोबत द्यावे लागतात, जुनं काढून नवं बसवताना शेजारचं काही मोडणार नाही हे बघावं लागतं. अशा बांधलेल्या गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात आणि बांधणाऱ्याला मेंटेनर. ज्ञानेश्वरीकडे बारा वर्षांपासून जी पॅकेजं आहेत ती डिस्कच्या डागडुजीची: तपासणीची आणि दुरुस्तीची अवजारं, शिवाय ती अवजारं ज्यांच्या जोरावर चालतात त्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार सुट्या भागांचे संच. या कामाचा एक पैसा मिळत नाही आणि काम चोख झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

वडिलांना तिने हे एकदा बाजाराच्या भाषेत समजावलं होतं. "आण्णा, गोदामात हजार पोती आहेत. कुठलं पोतं कुणाचं आणि कुठल्या थप्पीत, ते एका वहीत लिहिलंय. वही फाटली तर?"

"माल असून नसल्यागत. कुणी शोधायचा?"

"माझी अवजारं शोधतात. थप्प्या धुंडाळून वही परत लिहितात."

ज्योतिबांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी माल दुसऱ्याचा, गोदाम दुसऱ्याचं, आन् राबायचं आपण. माथाडीच की गं तू." त्या दिवशी त्यांनी आपणहून तिला बढती देऊन मुकादम केलं.

तिचा स्वभाव या कामासाठीच घडवला असावा असा आहे. गॅसचं बटण बंद केल्यावर ती परत येऊन बघते, आणि बघून गेल्यावर वडिलांना बघायला लावते. 'चालतंय की' हे दोन शब्द तिच्यासमोर उच्चारणारा माणूस तिच्या मनातून कायमचा उतरतो. लग्न एकदा ठरलं होतं, ते याच दोन शब्दांवरून मोडलं असं वसाहतीत म्हणतात. खरं-खोटं तिला विचारायची कोणाची छाती नाही. पॅकेजमध्ये एका अक्षराचा बदल केला तरी तो का केला याची नोंद ती चार ओळींत लिहिते. बारा वर्षांत तिच्या पॅकेजमुळे कोणाचं काही गेलं, अशी एकही तक्रार आली नव्हती. हे ती कोणाला सांगत नसे, पण सकाळी चहा घेताना मनातल्या मनात मोजत मात्र असे. एवढा अभिमान माणसाला असावा असं मला वाटतं.

आता धर्मराज पाटलांबद्दल सांगायला हवं. वसाहतीत घर मिळायच्या आधी शेलार कुटुंब कोपरखैरणे गावात पाटलांच्या चाळीत भाड्याने राहायचं. साताऱ्याकडून आलेली माणसं आणि खाडीकाठचे मूळ आगरी मालक, दोघांची बोली वेगळी आणि जेवणही वेगळं. पण ज्ञानेश्वरीची आई आजारी असायची, त्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत ही मुलगी पाटलांच्या विमलबाईंच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊनच वाढली. विमलबाई तिच्या काकी आणि धर्मराज काका. हे नातं भाडं थांबलं तरी थांबलं नाही.

काकांचं वय आता चौऱ्याहत्तर. ऐन विशीत असताना त्यांच्या गावाची शेतं नव्या शहरासाठी गेली. शेतांवर सेक्टर उभे राहिले आणि सेक्टरांना नंबर मिळाले. पैसेही मिळाले, चाळ उभी राहिली, मुलगा मिथुन रेती-विटांच्या धंद्यात चांगला कमावतो. काका काही रडत बसणारे नाहीत. पण साठी उलटल्यावर त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घुसली. ज्या शेतांना नावं होती, ती नावं आपण मेल्यावर कोणाला ठाऊक असणार? चार वर्षांपूर्वी ते ज्ञानेश्वरीला म्हणाले, "बाय, मना एक मशीन लावून दे. पन मराठी पायजे."

तिने शीतगृहातून निकालात काढलेला एक संगणक रीतसर मागून आणला, त्यावर आपली सिस्टीम घातली, सगळं मराठीत करून दिलं आणि काकांना दोन बोटांनी टाइप करायला शिकवलं. प्रत्येक शेताची एक फाइल. फाइलला शेताचं नाव, आत शेताची हकीकत: कुणाचं होतं, किती बांध, खाडीचं पाणी अडवायची उघाडी कुठल्या अंगाला, भात कसं यायचं, कुठे कोणाला साप चावला. चार वर्षांत एकशे सदतीस शेतं झाली. रोज दुपारी जेवण झालं की काका चष्मा पुसून बसत आणि संध्याकाळपर्यंत पाच-सहा ओळी होत.

जपून ठेवायला म्हणून तिने एक पेनड्राइव्हही दिला होता. "दर आठवड्याला यात कॉपी करायची हां काका." काकांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवला. वापरला तर खराब होईल म्हणून कधी बाहेर काढला नाही.

याच काकांमुळे तिच्या हातून ती चूक झाली. एकदा संगणक चालू होताना पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी आल्या तेव्हा काका म्हणाले, "यो मना इंग्रजीत शिव्या देतंय काय?" ती हसली, पण घरी गेल्यावर तिला ते लागून राहिलं. तिच्याच अवजाराच्या ओळी होत्या त्या. मग तिने एका हिवाळ्यात त्या अवजाराची तीनशेच्या वर वाक्यं मराठीत आणली. किती हौसेने! 'डिस्कची तपासणी चालू आहे, घाबरू नका,' असं एक वाक्य तिने केलं; मुळात 'घाबरू नका' नव्हतं, ते तिने पदरचं घातलं. शेवटी प्रश्न विचारला जायचा तिथे 'दुरुस्त करू? (ह/न)' असं केलं, म्हणजे माणसाने 'हो'साठी ह आणि 'नाही'साठी न दाबायचा. शिवाय पॅकेजमध्ये अशी सोय केली, की मराठी निवडलेल्या संगणकावर काही बिघाड निघाला तर अवजाराने आपण होऊन मराठीतच विचारावं. आपल्या संगणकावर चार वेळा चालवून बघितलं, चारी वेळा झकास चाललं. मग सगळ्यांसाठी पाठवून दिलं, काकांच्या संगणकावरही ते आपोआप पोचलं. बाकीच्या बदलांवर कोणी ना कोणी नजर घालत असे. हा बदल मात्र तपासायला मराठी वाचणारं दुसरं कोणीच नव्हतं.

मार्चमधल्या एका बुधवारी दुपारी साडेबाराला शीतगृहात तिचा फोन वाजला.

"बाय, तुजा मशीन मना कायतरी इचारतंय."

"काय विचारतंय काका?"

"वाचता येत नाय. डबे डबे हायेत चौकोनी. शेवटाला प्रश्नचिन्ह हाय, म्हनून समजला का इचारतंय."

काल दुपारी गावात वीज तीनदा आली-गेली होती. तेव्हापासून संगणक त्या डब्यांच्या पुढे सरकेना.

"तुम्ही काही दाबलंत?"

"नाय. तूच बोललेलीस ना, समजला नाय तर हात लावू नको म्हनून. कालधरना समोर बसलोय."

"कालपासून? आणि फोन आज करताय?"

"मना वाटला माज्याच हातनं मोडला. तुना काय सांगू?"

मग फोन मिथुनने घेतला. "ताई, टेन्शन नको घेऊ. आप्पांनी कालपासून जेवण पण तिथंच घेतलंय. मी एकाला बोलावलाय, चारला येतोय. तो बोलला, पाच मिनिटांत सगळं उडवून नवीन टाकून देतो."

"काहीही उडवायचं नाही!" ज्ञानेश्वरी एवढ्याने ओरडली की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. "मी येते. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

"कोण लावतो? आप्पा लावू देतील तर ना."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, एक रिकामी डिस्क सोबत घेऊन ती रिक्षात बसली. तुर्भे ते गाव हे अंतर काही फार नाही, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल तिच्यावर खार खाऊन होता. डोक्यात एकच: काकांची एकशे सदतीस शेतं, आणि त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. वाटेत तिने मनाला समजावलं, की डिस्क जुनी होती, कधी ना कधी जाणारच होती.

काका खरोखरच समोर बसले होते. खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर. साहेबांनी बोलावल्यावर आत जायची वाट बघत बसावं तसे. पडद्यावर चौकोनी डब्यांची एक रांग होती. मग कंस. कंसात एक डबा, तिरकी रेघ, दुसरा डबा. कंस पुरा. प्रश्नचिन्ह.

ज्ञानेश्वरीला तो कंस ओळखू आला.

ते तिचंच वाक्य होतं. संगणक पुरता चालू व्हायच्या आधीच्या त्या पायरीवर मराठी अक्षरं दाखवायची सोयच नसते, म्हणून प्रत्येक अक्षराचा डबा झाला होता. तिने तपासलं ते आपल्या चालू संगणकावर, जिथे सगळं काही हजर होतं. आणि खरी मेख पुढेच होती. तिने इंग्रजी 'येस'चा वाय दाबून बघितलं. पीं, असा आवाज झाला आणि तीच रांग पुन्हा उमटली. अवजाराला ह हवा होता किंवा न हवा होता, आणि त्या पायरीवर कीबोर्ड फक्त इंग्रजी. ह काही केल्या उमटवता येणार नव्हता. बारा वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळलेल्या पॅकेजमध्ये तिने असा एक प्रश्न घालून ठेवला होता, ज्याचं उत्तर देणं जगात कोणालाच शक्य नव्हतं.

"माज्याच हातनं झाला असंल," काका मागून म्हणाले. "परवा केर झारताना मी वायर हलवलेली."

"बघ," मिथुन म्हणाला. "मी बोललेलो आप्पांना, वयाप्रमाणे राहा."

इथे ती गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. डिस्क जुनी होती, वीज गेली होती, वायर हलली होती. दोष द्यायला जागा भरपूर होती. सकाळच्या चहाबरोबरची ती बारा वर्षांची मोजणी तिला आठवली, हेही खरं. पण काकांनी मान खाली घातली होती, आणि ती मान तिला बघवेना.

"वायरचं काही नाही काका," ती म्हणाली. "चूक माझी आहे. वीज गेल्याने थोडी गडबड झाली, ती नेहमी होते आणि नीटही होते. पण ती नीट करू का, हे विचारणारं वाक्य मी मराठीत केलं. इथे मराठी दिसत नाही आणि लिहिताही येत नाही. मी हे बघायला हवं होतं. बघितलं नाही."

काकांनी हे सावकाश पचवलं. मग चष्मा काढला.

"म्हंजे तू मराठीत इचारतंस, उत्तर पन मराठीतच पायजे बोलतंस, आनि लिवाला जागा ठेवली नाय?"

"हो."

"सरकारी हापिसात होतीस काय मंगे कामाला?"

मिथुन फस्सकन हसला. ज्ञानेश्वरीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. दोन्ही एकदम आलं की माणूस जसा दिसतो तशी ती बावळट दिसली. आतून विमलबाई आल्या, त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आदी जेव. तोंड बघ कसा झालाय."

पण आधी तिने मिथुनला त्या चारच्या माणसाला नको म्हणून कळवायला लावलं. मग पर्समधून आपला स्वतःचा पेनड्राइव्ह काढला, ज्यात सगळी सिस्टीम भरलेली असते; बायका पर्समध्ये सेफ्टी पिन ठेवतात तसा ती हा बाळगते. त्यावरून संगणक चालू केला. दुरुस्तीला मात्र हात लावला नाही. आधी संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि मग दुरुस्ती त्या प्रतीवर, हा तिचा नियम आहे. आज तर तिचा स्वतःवरही विश्वास उरला नव्हता. प्रत निघायला दोन तास लागणार होते, तेव्हा कुठे ती पाटावर बसली. भाकरी, सुकट आणि कैरीचा तुकडा. काकी वाढत होत्या आणि काका दारातून पडद्यावरचे आकडे पुढे सरकताना बघत होते.

साडेचारला तिने प्रतीवर दुरुस्ती चालवली. अवजाराने इंग्रजीत विचारलं, तिने वाय दाबला. पुन्हा विचारलं, पुन्हा दाबला. असं बराच वेळ चाललं. मग निकाल आला आणि ती वाचतच राहिली.

"काय झाला?" काका म्हणाले. "गेला काय सगला?"

"नाही. आतलं काही गेलेलं नाही." ती शब्द जुळवत होती. "तुमच्या फायली ज्या फोल्डरमध्ये होत्या, ते फोल्डर तुटलंय. फायली सापडल्या. पण फाइलचं नाव फोल्डरमध्ये लिहिलेलं असतं, फाइलमध्ये नसतं. त्यामुळे नावं गेली. आता नुसते नंबर आहेत."

"मोज."

तिने मोजल्या. एकशे सदतीस.

काकांनी मोठा श्वास सोडला. "मंगे ठीक हाय. नाव मी लावतो."

"आत नाव लिहिलं नाहीये का तुम्ही? पहिल्या ओळीत?"

"वर लिवलाय तर आत परत कशाला लिवाचा?" काका म्हणाले, आणि आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू आल्यासारखे चष्मा पुसू लागले.

तिने पहिली फाइल उघडली. नंबर सहा आकडी. आत सुरुवातीला लिहिलं होतं: 'पाच बांध. उघाडी दक्षिणेला. मधोमध चिंच, तिला कोणी हात लावायचा नाही.' काका एक ओळ वाचून म्हणाले, "चिंचखार." खार म्हणजे खाडीकाठचं भातशेत. तिने नंबर पुसून चिंचखार लिहिलं. दुसरी: "बावीचा तुकडा." तिसरी वाचताना ते हसले, "यो आमच्या आत्याचा. वाकडी बोलायचे त्याला." अंधार पडेपर्यंत एकतीस शेतांना नावं परत मिळाली.

उठताना काका सहज म्हणाले, "आमच्या शेतांना पयला बी असाच नंबर लावलेला. तवा परत नाव लावाला कोन बसला नवता."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ती चहा न घेताच बसली. आधी दुरुस्ती केली: जिथे मराठी दिसत नाही तिथे अवजार मराठी बोलणार नाही, आणि कुठल्याही भाषेत विचारलं तरी वाय आणि एन चालतील. 'घाबरू नका' हे वाक्य जिथे दिसू शकतं तिथे राहू दिलं. मग बदलाची नोंद लिहायला घेतली. ही नोंद सगळं जग वाचू शकतं आणि ती कधी पुसली जात नाही. तिने लिहिलं, की ही चूक मेंटेनरची आहे. मराठी वापरणारा माणूस या प्रश्नावर अडकून पडतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. मी चालू संगणकावर तपासलं आणि सुरू होणाऱ्या संगणकावर तपासलं नाही. शेवटी, चूक कोणी दाखवली हे लिहायची रीत असते. तिथे तिने लिहिलं: 'धर्मराज पाटील, कोपरखैरणे गाव. त्यांनी एक दिवस एकही बटण न दाबता वाट पाहिली, म्हणून माहिती वाचली.'

तिला वाटलं होतं, आता लोक तुटून पडतील. तसं काही झालं नाही. दोघातिघांनी आभार मानले. दूरच्या एका देशातल्या माणसाने लिहिलं, की त्याची लिपीही या पायरीवर दिसत नाही आणि तो पुढच्याच आठवड्यात हेच करणार होता, वाचलो. ज्योतिबांना तिने हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "थप्पी घसरली तर मुकादमानं आदी मान्य करावं. टोळी मग ऐकती." एवढं बोलून त्यांनी स्वतः चहा टाकला, तो अर्थात उतू गेला.

शनिवारी आणि रविवारी ती पाटलांकडेच होती. पेनड्राइव्ह देव्हाऱ्यातून बाहेर निघाला आणि दर दहा नावांमागे तिने त्यात कॉपी केली. काका थकत, पाणी पीत, परत बसत. काही शेतं एका शब्दावरून ओळखत, काहींना डोळे मिटून बांधाबांधाने चालून यावं लागे. रविवारी दुपारी तीनला एकशे छत्तीस झाली. एक फाइल उरली, आणि तीत मालकाचं नावही नव्हतं, नुसतं एवढं:

'सात बांध. पाणी पूर्वेकडून. भात गोड. कडेला करंजाची झाडं, सावली दाट.'

काकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "सात बांध..." म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर समोरच्या इमारतीच्या टाक्या दिसत होत्या. अर्धा तास गेला. तिने दोन-तीन नावं सुचवून बघितली, काकांनी मान हलवली. दोन वर्षांपूर्वी टाइप करताना ते नाव त्यांच्या ओठांवर होतं. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते कुठेच नव्हतं.

"यो गेला," काका शेवटी म्हणाले. आवाज अगदी साधा होता. ज्ञानेश्वरीला वाटलं, यांनी ओरडावं, आपल्याला चार शब्द सुनवावेत. या घरात ती खाऊन वाढली होती आणि या घराचं एक शेत तिने बुडवलं होतं. "काका, मला माफ करा," ती म्हणाली.

विमलबाई दारात सुकट निवडत बसल्या होत्या. दोन दिवस त्या तिथेच होत्या. चहा देत होत्या, ऐकत होत्या, पण त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची त्यांची पद्धत नव्हती.

"अवो, वाचा जरा मोठ्यान," त्या म्हणाल्या.

काकांनी वाचलं.

"करंजाची सावली? ती तं निजखार."

काका वळले. "असा नाव नवता त्याचा."

"तुमचा नसंल. आमचा होता. लावनीला आमी वीस-वीस बाया असायचो. दुपारी भाकरी खाल्ली का तया सावलीत सगल्या आडव्या. तुमची आय पन. निजखारीत चला, असाच बोलायचो."

"मना कदी बोलली नाय तू."

"तुमी इचारला कदी?"

काका बायकोकडे बघत होते. चोपन्न वर्षांच्या संसारात त्यांनी तिला पुष्कळ गोष्टी विचारल्या असतील, पण शेतात कंबर मोडून राबलेल्या बाईला शेताचं नाव विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. पुरुषांचं जे नाव होतं ते काही आठवलं नाही. ते गेलं ते गेलंच, आणि ज्ञानेश्वरी ते आपल्या नावावर धरते.

"काय लिहू काका?" तिने विचारलं.

"निजखार लिव," काका म्हणाले. मग खुर्चीवरून उठले, खांद्यावरच्या पंच्याने ती पुसली आणि विमलबाईंपुढे सरकवली. "बस."

"मना मशीन येत नाय."

"ती लिवते. तू बोल."

विमलबाईंनी सुकटीचे हात पदराला पुसले, खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या आणि पडद्यावरची नावांची लांबलचक यादी बघू लागल्या. अक्षरं त्यांना फारशी वाचता येत नव्हती. "पयल्यापासना घे," त्या ज्ञानेश्वरीला म्हणाल्या. "यांनी चिंचखार लिवलाय ना, त्याला आमी बाया काय बोलायचो, ता सांगते."